पायात गोळे येतात म्हणून रान सोडू नका

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, बेणे आणि खतांचे हप्ते यांविषयी लिहितो. या वेळी पायांविषयी लिहीत आहोत. हा विषय शेतकी खात्याचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ज्या पायांनी बांध तुडवले, रात्र-रात्र पाटात उभे राहून दारे धरली, त्या पायांचा आणि ऊस विकासाचा संबंध नाही असे आम्हांला वाटत नाही. साठी-सत्तरी ओलांडलेले सभासद आपल्याकडे पुष्कळ आहेत. गटात फिरताना "रात्री पोटरीत गोळा येतो, झोप मोडते", "बसलं की उठवत नाही" ही वाक्ये आम्ही रोज ऐकतो आणि ऐकून पुढे जातो. तसे पुढे जाणे चुकीचे आहे, हे आम्हांला एका आबांनी शिकवले.

आबांचे नाव येथे देत नाही. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. त्यांचा आडसालीचा प्लॉट आम्ही इतर सभासदांना मुद्दाम दाखवायला नेत असू. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वीज रात्रीची होती, मुलगा परगावी गेलेला, म्हणून आबा स्वतःच दारे धरायला गेले. पाटातून पाय वर घेताना पोटरीत गोळा आला, पाय लाकडासारखा ताठ झाला आणि ते सरीत पडले. मोबाईल खोपीत राहिलेला. शेजारचा माणूस मोटर बघायला आला तोवर तासभर चिखलात बसून होते. हाड मोडले नाही, एवढे नशीब.

दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. घरच्यांनी ठरवले होते, आता रान बंद. आम्हीही मान डोलावली आणि म्हणालो, "आबा, लई केलंत आजवर, आता विश्रांती घ्या." चार महिन्यांनी ऊसनोंदीच्या कामाला गेलो तेव्हा आबा खाटेवर होते. उठायला दोघांचा आधार लागत होता. आम्हांला म्हणाले, "सायेब, पडलो त्या राती मी माझ्या पायानं घरी आलो हुतो. तुमी समद्यांनी झोपवलं, तवापास्नं चालता येईना."

त्यांचे म्हणणे खरे होते. आम्ही डॉक्टर नाही. पण त्यानंतर डॉक्टर मंडळींकडून समजून घेतले, थोडे वाचले आणि आबांच्या घरी काय उपयोगी पडले तेही पाहिले. ते सर्व येथे मांडत आहोत.

१. पडून राहिलेल्या पायांची घट

तोडलेला ऊस फडात किंवा गाडीत पडून राहिला तर काय होते, हे सभासदांना सांगायला नको. वजन घटते, उतारा घटतो. म्हातारपणी पाय पडून राहिले तर तसेच होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात निरोगी वयस्कर माणसांना फक्त १० दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांचे मांस सुमारे १ किलोने घटले. आजार नाही, ताप नाही, नुसते पडून राहणे. आबा तर चार महिने पडून होते.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवावी. गोळा येणे हा त्रास आहे. पण गोळ्याच्या भीतीने चालणे सोडणे हे त्याहून मोठे नुकसान आहे.

२. गोळा का येतो

गोळा, पेटका, वांब, काहीही म्हणा. पोटरीचा किंवा तळपायाचा स्नायू आपल्या मनाविरुद्ध एकदम आकसतो आणि लवकर सुटत नाही. काही सेकंद ते काही मिनिटे असे चालते. ठणका मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत राहू शकतो. वय वाढते तसे स्नायू कमी होतात, शिरा आखडतात, म्हणून उतारवयात हा त्रास जास्त. दिवसभर उभे राहणे, सवयीपेक्षा जास्त कष्ट आणि अंगातले पाणी कमी होणे यांनीही तो वाढू शकतो. पुष्कळदा नेमके कारण सापडतच नाही.

वयस्कर माणसाला तहान कमी लागते. त्यात रात्री लघवीला उठावे लागेल म्हणून कित्येक जण दिवसाही पाणी टाळतात. पाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोडे-थोडे घेत राहावे, निजताना तांब्याभर पिऊ नये. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी पाण्याचे आणि मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

३. गोळा आला त्या क्षणी

घाबरून पाय झटकू नये. गुडघा सरळ ठेवावा आणि पायाची बोटे हाताने आपल्याकडे, म्हणजे नडगीच्या दिशेने ओढावीत. हात पोहोचत नसेल तर तळपायाला टॉवेल अडकवून दोन्ही टोके ओढावीत. उभे राहता येत असेल तर कशाला तरी धरून टाच जमिनीला टेकवून त्या पायावर भार द्यावा. स्नायू ताणला गेला की गोळा सुटतो. मग हळूहळू चोळावे, गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे. साखरेच्या रुग्णांच्या पायाला चटका समजत नाही. त्यांनी शेक घेण्याआधी पिशवी दुसऱ्याच्या हाताला लावून पाहावी.

रानात गोळा आला तर आधी खाली बसावे. सरीतून किंवा पाटातून उडी मारून बाहेर यायचा प्रयत्न करू नये. आबा तिथेच चुकले.

४. निजण्यापूर्वी पाच मिनिटे

नेदरलँडमध्ये ५५ वर्षांवरील ८० माणसांवर केलेली एक चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांनी सहा आठवडे रोज निजण्यापूर्वी पोटरी आणि मांडीची मागची बाजू ताणण्याचा व्यायाम केला. त्यांच्या गोळ्यांचे प्रमाण बाकीच्यांपेक्षा कमी झाले. याला खर्च काहीच नाही. कृती अशी :

(अ) भिंतीपासून दोन-तीन फुटांवर उभे राहून दोन्ही तळहात भिंतीला टेकावेत. टाचा जमिनीला, गुडघे सरळ. आता अंग भिंतीकडे झुकवावे. पोटरीत ताण जाणवला की १० आकडे मोजावेत. असे तीन वेळा.

(आ) बाजेच्या कडेला बसून एक पाय बाजेवर सरळ ठेवावा, दुसरा खाली. कमरेतून पुढे झुकून १० आकडे मोजावेत. प्रत्येक पायाला तीन वेळा.

झटके देऊ नयेत. ताण जाणवावा, दुखू नये. निजताना पायांवर वाकळ घट्ट दाबून घेऊ नये. बोटे खाली दाबली जातात आणि पोटरी आखडते.

५. पाने पिवळी दिसली की युरिया?

उसाची पाने पिवळी पडली तर नत्र कमी असेल, लोहाअभावी केवडा असेल, नाहीतर रानात पाणी साचले असेल. आधी कारण, मग डोस. पायांच्या बाबतीत मात्र आपण सरळ दुकानातून शक्तीच्या गोळ्या आणतो. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा वयस्कर माणसांच्या गोळ्यांवर फारसा उपयोग होत नाही, असा निष्कर्ष २०२० साली अनेक चाचण्या एकत्र तपासून काढला गेला. पूर्वी यासाठी कोयनेल देत असत. त्याने रक्तातील बारीक पेशी घटून जिवावर बेतू शकते, म्हणून पायांच्या गोळ्यांसाठी ते घेऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली पुन्हा दिला. कोणी सुचवले तरी घेऊ नये.

लघवी साफ होण्याची गोळी, चरबी कमी करण्याची गोळी, दम्याची काही औषधे यांनीही गोळे येऊ शकतात. पण रक्तदाबाची वा हृदयाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. सगळी पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावीत आणि विचारावे.

६. ही लक्षणे असल्यास दवाखाना

– ठरावीक अंतर चालले की पोटरी भरून येते आणि थांबले की काही मिनिटांत उतरते. हा साधा गोळा नसून पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि साखरेच्या रुग्णांनी विशेष जपावे. विडी त्याच दिवशी सोडावी.

– उभे राहिले वा चालले की दोन्ही पाय जड होतात, मुंग्या येतात आणि पुढे वाकले वा बसले की बरे वाटते. हे दुखणे कण्याचे असू शकते.

– एकच पाय सुजला, लाल व गरम झाला. शिरेत रक्त गोठले असण्याची शक्यता असते. असा पाय चोळू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर क्षणाचाही उशीर नको.

– पाय एकाएकी थंडगार, फिका पडून असह्य दुखू लागला, बधिर झाला किंवा त्यातली ताकद गेली, तरी तसेच तातडीने न्यावे.

– पायावरची जखम भरत नाही किंवा गोळे रोजच येऊ लागले, तर साखर, मूत्रपिंड आणि थायरॉईड यांची तपासणी करून घ्यावी.

७. पाय परत चालते कसे झाले

आबांच्या मुलाने डॉक्टरांना दाखवून हे काम मनावर घेतले. पहिला आठवडा फक्त खुर्चीतून उठणे आणि बसणे, दिवसातून तीन वेळा पाच-पाच. मग घरातल्या घरात, मग अंगण, मग रस्त्याच्या खांबापर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार ६५ वर्षांवरील माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखी हालचाल करावी आणि आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. एवढे जमत नसेल तर जमेल तेवढे करावे. आबांना ते गाठायला पाच महिने लागले.

काठीविषयी दोन शब्द. पुष्कळ जण दुखऱ्या पायाच्या बाजूलाच काठी धरतात. ती दुसऱ्या हातात धरावी. डावा पाय दुखत असेल तर उजव्या हातात. हात सरळ सोडून उभे राहिले असता मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. खाली रबरी टोपण हवे. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

घरात बाजेपासून मोरीपर्यंत रात्री दिवा असावा, वाटेत घमेली-पाट्या ठेवू नयेत. संडासात धरायला दांडी बसवावी. उकिडवे बसवत नसेल तर वर कमोडची खुर्ची ठेवावी. हा खर्च एका पोत्याच्या खतापेक्षा फार मोठा नाही, आणि तो करताना लाजू नये. आमच्या वयस्कर भगिनींनी जन्मभर उकिडवे बसून भांगलण केली आहे. त्यांचे गुडघे आधी बोलू लागतात आणि त्या शेवटी सांगतात. घरच्यांनी त्यांना आपणहून विचारावे.

८. रानाची नवी वाटणी

खोडव्याला लागणीसारखेच वागवून चालत नाही आणि सोडून देऊनही चालत नाही. त्याचे व्यवस्थापन वेगळे असते. म्हाताऱ्या माणसाचे तसेच आहे. रात्रीचे पाणी, पाठीवरचा फवारा, पाचटातून मोळी उचलणे ही कामे तरुणांकडे द्यावीत. ठिबक शक्य असेल तर दारे धरण्याचा प्रश्नच उरत नाही. मुख्य बांधावरून चार फुटांची सपाट वाट ठेवावी, पाटावर फळी टाकावी, झाडाखाली पाठ टेकता येईल अशी खुर्ची ठेवावी. एकट्याने जाऊ नये. गेलेच तर मोबाईल खोपीत नको, खिशात हवा. पण रानात नेणे थांबवू नये. पाहणी, मजुरांचा हिशेब, बेण्याची निवड ही कामे वय झाले म्हणून कमी होत नाहीत, उलट वयानेच येतात.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही आबांच्या सुरूच्या लागणीवर गेलो. आबा काठी टेकत बांधाने आले. पूर्वीसारखे आत सरीत उतरणे नाही. ते आता व्हायचेही नाही आणि गोळा अजूनही महिन्यातून एखाद्या रात्री येतोच. खुर्चीत बसून त्यांनी काठीने तिसऱ्या सरीकडे बोट दाखवले. नातू म्हणाला, काही नाही, ठीक आहे. आम्ही आत जाऊन पाहिले, तर चार-पाच कोंबांचे पोंगे वाळलेले. ओढले की हातात येत होते. खोडकिडीची सुरुवात होती. त्या दिवशीच उपाय झाला. आमच्या डोळ्यांना रस्त्यावरून ते दिसले नव्हते.

ज्याच्या घरात असे डोळे आहेत त्याने ते खाटेवर ठेवू नयेत. आज संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला भिंतीपाशी उभे करा, स्वतः शेजारी उभे राहा आणि १० आकडे मोजा. उद्या सकाळी अंगणापर्यंत सोबत चाला. एवढीच सर्व सभासदांना विनंती.

– ऊस विकास अधिकारी