पर्यावरण अभियांत्रिकी : प्रवेशापूर्वी काय पाहावे?



ऊस नोंदीला आलेले सभासद आमच्याकडे मुलांच्या प्रवेशाचीही चौकशी करतात. "पर्यावरण अभियांत्रिकी म्हणजे झाडं लावायचं शिक्षण का हो?" असे एकाने विचारले. म्हणून हे थोडे विवेचन.

ही शाखा पाणी, सांडपाणी, हवा आणि घनकचरा यांची. आपल्या धंद्यातलेच उदाहरण घेऊ. उसात शेकडा ७० च्या आसपास पाणीच असते. २०१६ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे कारखान्याला टन गाळपामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर सोडता येत नाही. म्हणजे रोज ५,००० टन गाळप असेल तर १० लाख लिटर. शिवाय ते नदीनाल्यात सोडायचे तर त्याची बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवी. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. तो वाढला की माशांना प्राणवायू उरत नाही, मासे मरतात. हे मोजणे, टाक्यांचा आराखडा करणे, त्यातले जिवाणू जगवणे हे या अभियंत्याचे काम.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट करून दिली आणि आपली मुलं घराजवळ अभियांत्रिकी शिकू लागली. लहान कॉलेजात विद्यार्थी थोडे, त्यामुळे उपकरण प्रत्येकाच्या हाती येऊ शकते. पण प्रयोगशाळेलाच कुलूप असेल तर काय उपयोग? म्हणून पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची चालू वर्षाची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता.

२) फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेलीच भरावी, पावती घ्यावी. प्रवेशासाठी देणगी घेण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी आहे.

३) बीओडीचा नमुना २७ अंश तापमानाला ३ दिवस पेटीत ठेवतात. ती पेटी चालू आहे का? नोंदवहीत मुलांच्या हातचे आकडे आहेत का?

४) मागची मुलं कुठे लागली, हे त्यांनाच विचारावे. सरकारी जागांच्या जाहिरातीही वाचाव्यात. काही ठिकाणी स्थापत्य शाखेचीच पदवी मागतात.

बेणे घेताना आपण कांडीचा डोळा पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. इथे तर चार वर्षांची फी आणि पोराचं आयुष्य आहे. कर्ज काढण्याआधी एक दिवस कॉलेजात जाऊन या, मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या.

अकरावी-बारावीच्या मुलांना सांडपाणी प्रक्रिया केंद्र पाहायचे असल्यास गट कार्यालयात नावे द्यावीत. गळीत हंगामात केंद्र चालू असताना आम्ही ते दाखवू.

— ऊस विकास अधिकारी