प्रल्हादाचे मित्र आणि वडिलांची मांडी



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, सप्तम स्कंध, अध्याय ५ ते ७.

प्रल्हाद म्हटलं की आपल्याला खांब आणि नृसिंह आठवतात. पण खांबाच्या आधी एक शाळा येते. शुक्राचार्यांचे मुलगे शंड आणि अमर्क तिथे शिकवतात, आणि सोबत शिकणारी मुलं सगळी दैत्यांची. पाच वर्षांचा प्रल्हाद त्यांच्यातच बसतो. म्हणजे अख्खा ग्रुप एकीकडे आणि हा एकटा दुसरीकडे.

आपल्यातले काही जण नुकतेच आईबाबा झालेत, काही जण रविवारचे बालसंस्कार वर्ग घेतात, काही नुसतेच लाडके मामा-आत्या आहेत. सगळ्यांची काळजी एकच : मित्रांच्या नादानं मूल वाहवत गेलं तर?

गंमत म्हणजे हीच काळजी हिरण्यकशिपूलाही होती. तो मुलाला मांडीवर घेऊन विचारतो, "बाळ, तुला सगळ्यात चांगलं काय वाटतं?" किती छान प्रश्न! प्रल्हाद खरं ते सांगतो : हरीला शरण जावं. राजा हसतो आणि म्हणतो, याला कुणीतरी फूस लावली, गुरूच्या घरी याच्यावर लक्ष ठेवा. पुढे पुन्हा तो मुलाला मांडीवर घेतो, पुन्हा विचारतो. या वेळी प्रल्हाद नवविधा भक्ती सांगतो. राजा आधी गुरूंवर भडकतो, मग मुलाला मांडीवरून खाली ढकलतो.

मी वाचताना इथेच थांबलो. प्रश्न बरोबर होता, मांडीही होती. पण उत्तर मनासारखं येईपर्यंतच ती मांडी मुलाची होती.

माझा भाचा सहावीत आहे. स्कूल बसमध्ये चढण्याआधी तो गळ्यातली तुळशीची माळ काढून कंपासपेटीत ठेवतो आणि घरी येताना परत घालतो. बसमधली मुलं त्याला 'बुवा' म्हणून चिडवतात. हे त्यानं मला सांगितलं, ताईला नाही. का? तर "आई ओरडेल."

माळकऱ्याच्या घरात माळ उतरवणं ही लहान गोष्ट नाही. तरी मला त्या "आई ओरडेल"चीच जास्त धास्ती वाटली. आज माळ आहे. दोन वर्षांनी कुणी व्हेप पुढे करेल, कुणी गेमसाठी बाबांच्या फोनवरून पैसे भरायला सांगेल. तेव्हाही तो हेच म्हणून गप्प बसला तर? आईच्या भीतीनं घातलेली माळ मित्रांच्या भीतीनं उतरते. भीतीनं ऐकायची सवय लागली की मूल जो जास्त घाबरवेल त्याचं ऐकतं.

त्याला विचारूनच मी ताईशी बोललो. ती आधी चिडली, मग गप्प झाली. रात्री तिनं एवढंच विचारलं, "काय म्हणतात रे ती मुलं?" माळेचं अजून काही ठरलेलं नाही. पण बसमधल्या गोष्टी आता तो तिला सांगतो.

आता प्रल्हाद मित्रांशी कसा वागतो ते बघा. गुरू घरकामात असताना मुलं त्याला खेळायला हाक मारतात. तो त्यांना वाईट ठरवत नाही, हसून गोड बोलतो. मुलं खेळणी टाकून त्याच्याभोवती बसतात. भागवत म्हणतं, त्यांची बुद्धी अजून मोठ्यांच्या बोलण्या-वागण्यानं बिघडली नव्हती. मग ती विचारतात, तू आमच्यातलाच, हे सगळं शिकलास कधी? तेव्हा तो सांगतो : आईच्या पोटात असताना, नारदांच्या आश्रमात. कयाधू तिथे निर्भय राहत होती, असा स्पष्ट उल्लेख आहे. प्रल्हादाचं बळ आलं ते अशा जागेतून, जिथे भीती नव्हती.

घरात करता येतील अशा चार गोष्टी :

१. मित्रांना नावं ठेवू नका. मूल मित्र सोडत नाही, फक्त त्याच्याबद्दल सांगायचं सोडतं. त्यापेक्षा त्यालाच पोहे खायला घरी बोलवा.

२. नकाराची तालीम करा. तुम्ही मित्र व्हा, आग्रह करा. मुलाला म्हणू द्या, "मला नको रे, तुम्ही करा." वाक्य छोटं असावं, उपदेश नसावा.

३. सुटकेचा एक शब्द ठरवा. फोनवर तो शब्द आला की "लगेच घरी ये" म्हणून वाईटपणा तुम्ही घ्या. त्या रात्री उलटतपासणी नको, बोलणं दुसऱ्या दिवशी.

४. मारहाण, धमकी, पैसे किंवा फोटो मागणं हे चिडवण्याच्या पलीकडचं आहे. ते मुलावर सोपवू नका, स्वतः शाळेत जाऊन बोला.

आजचा नेम : घरातल्या एका मुलाला हिरण्यकशिपूचाच प्रश्न विचारा, "तुला सगळ्यात चांगलं काय वाटतं?" उत्तर आवडलं नाही तरी मांडी हलू देऊ नका.

नृसिंहा, आमच्या लेकरांना निर्भय कर, आणि त्यांना आमची भीती वाटणार नाही असं आम्हाला कर.

राम कृष्ण हरी.