जी.टी.ची काच आणि निळी प्रिंट

होस्टेलवर राहणाऱ्या कुणालाही 'जी.टी.' म्हणजे काय हे सांगायला नको. स्टाफपैकी ज्यांना खरंच माहीत नाही (असं कुणी असेल तर!) त्यांच्यासाठी सांगते. जी.टी. म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली टेबललॅम्प, काचेवर मैत्रिणीची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रात्रभर गिरवत बसायचं. सकाळी सबमिशन! आमच्या रूममधली अशी एक काच सीनियर्सकडून आमच्याकडे वारसाहक्काने आली आहे. गेल्या जानेवारीत तिचा एक वेगळाच उपयोग झाला, त्याबद्दल हा लेख.

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटमधली. घरी मराठीच बोलतो, पण 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांत माझा अजून गोंधळ होतो. म्हणून सगळे आकडे आकड्यांतच लिहिलेत आणि केमिकल्सची नावं बाटलीवर आहेत तशीच ठेवलीत. सांभाळून घ्या.

तर, फोटोग्राफी क्लबने सायनोटाइप प्रिंटिंगचं दोन दिवसांचं वर्कशॉप ठेवलं होतं. शिकवायला आलेल्या बाईंनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं, "मॅडम नको, ताई म्हणा." डार्करूम नाही, एन्लार्जर नाही. दोन केमिकल्स, कागद, ऊन आणि पाणी, बस्स. मला वाटलं, हे तर शाळेतल्या मुलांचं काम!

ब्ल्यू प्रिंट म्हणजे खरोखर ब्ल्यू

सायनोटाइपचा शोध १८४२ साली सर जॉन हर्शेल यांनी लावला. हे गृहस्थ मुळात खगोलशास्त्रज्ञ. फोटोग्राफीतले 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्दही त्यांचेच. पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, ॲना ॲटकिन्स या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी समुद्री शेवाळं थेट या कागदावर ठेवून प्रिंट काढल्या आणि त्यांचं पुस्तक करायला घेतलं. फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. त्यातला मजकूरसुद्धा हाताने लिहून याच पद्धतीने छापलेला आहे.

आम्हा सिव्हिलवाल्यांचा संबंध यानंतर येतो. १८७० च्या दशकापासून इंजिनियरिंग ड्रॉइंगच्या कॉपी काढायला हीच पद्धत वापरात आली. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा, म्हणून 'ब्ल्यू प्रिंट'. पुढे अमोनिया प्रिंट आली, मग प्लॉटर. ती निळी शीट गेली, शब्द तेवढा राहिला. तीन वर्षं मी हा शब्द वापरतेय, पण शीट निळी का असायची हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता!

कृती

१. ग्रीन फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, पाणी १०० मिली. ही पहिली बाटली.

२. पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, पाणी १०० मिली. ही दुसरी. दोन्ही बाटल्या ब्राऊन काचेच्या. लागेल तेवढंच, सारख्या मापाने एकत्र करायचं.

३. साध्या पिवळ्या बल्बच्या मंद उजेडात जाड ड्रॉइंग पेपरवर हे पिवळट-हिरवं मिश्रण ब्रशने लावायचं. ब्रशला पत्र्याची पट्टी नको, कारण लोखंड लागलं की निळे डाग पडतात. मग कागद अंधारात वाळवायचा.

४. वाळल्यावर वर पान, जाळी किंवा निगेटिव्ह ठेवून काचेखाली दाबायचं आणि उन्हात ठेवायचं.

५. शेवटी पाण्यात धुवायचं, पिवळा रंग निघणं थांबेपर्यंत.

'सायनाइड' ऐकून आमच्यातली दोघं मागे सरकली. ताई म्हणाल्या, हे त्या सायनाइडसारखं जहाल विष नाही, कारण यातला सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेला असतो. पण म्हणून बेफिकिरी चालणार नाही. हातमोजे घालायचे, जेवणाची भांडी वापरायची नाहीत, आणि संडास साफ करायच्या ॲसिडसारखं कुठलंही तीव्र ॲसिड जवळपास नको, त्याने विषारी वायू सुटू शकतो.

उन्हात नेमकं होतं काय? पहिल्या बाटलीतलं लोह फेरिक अवस्थेत असतं. अल्ट्राव्हायोलेट किरण पडले की सायट्रेटकडून त्याला इलेक्ट्रॉन मिळतो आणि ते फेरस होतं. हे फेरस लोह फेरिसायनाइडशी जुळून प्रशियन ब्ल्यू तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही, कागदाच्या तंतूंत अडकून बसतो. जिथे ऊन पोचलं नाही तिथलं मिश्रण धुऊन जातं आणि कागद पांढरा राहतो. बारावीला 'रिडक्शन' मी दहा वेळा लिहिलं असेल. डोळ्यांसमोर घडताना पहिल्यांदाच पाहिलं.

माझी पहिली प्रिंट

ताईंनी आधी सगळ्यांना टेस्ट स्ट्रिप करायला लावली. कागदाची एक पट्टी उन्हात ठेवायची आणि दर २ मिनिटांनी पुठ्ठा थोडा पुढे सरकवायचा. धुतल्यावर २, ४, ६, ८, १०, १२ मिनिटांचे निळे पट्टे शेजारी शेजारी दिसतात. दुपारी १२ वाजता माझ्या रूममेटची पट्टी निघाली. २ ला जवळजवळ काही नाही, ८ ला गडद, त्यापुढे फारसा फरक नाही. तिने वहीत लिहिलं : ८ मिनिटं.

मी काय केलं? जे आपण सगळे करतो तेच. तिची वही बघितली, ८ लिहिलं आणि टेस्ट स्ट्रिपला चाट मारली. गुलमोहोराची पानं गोळा करण्यात आणि मांडण्यात माझी दुपार गेली. साडेचारला, अजून ऊन लख्ख दिसतंय म्हणून, आमची जी.टी.ची काच वर ठेवून घड्याळ लावून बरोब्बर ८ मिनिटं एक्स्पोझर दिलं. पाण्यात कागद बुडवला आणि... सगळं वाहून गेलं! राहिली ती नुसती फिकट आकाशी छटा. पानाचा पत्ताच नाही.

ताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हे रीडिंग तुझं नव्हतं गं."

कारण सोपं आहे. उतरत्या उन्हाला हवेच्या जास्त जाड थरातून यावं लागतं आणि त्यात अल्ट्राव्हायोलेट बराच अडतो. डोळ्यांना ऊन तेवढंच वाटतं, कागदाला वाटत नाही. मग निमूटपणे माझी स्वतःची पट्टी केली. त्या वेळेला मला २५ मिनिटं लागली.

पाण्याची भानगड

दुसऱ्या दिवशी वेगळाच घोळ. छान गडद आलेल्या प्रिंट होस्टेलच्या टाकीतल्या पाण्यात अर्धा तास धुतल्यावर फिक्या पडायला लागल्या. कुणी म्हणालं कागद वाईट, कुणी म्हणालं केमिकल जुनं. या वेळी आम्ही अंदाज मारत बसलो नाही. एकाच पट्टीचे दोन तुकडे केले, एक टाकीच्या पाण्यात, एक फिल्टरच्या पाण्यात. फिल्टरमधला तसाच राहिला, टाकीतला उतरला. आमचं पाणी बोअरचं, जड आणि अल्कलाइन, आणि प्रशियन ब्ल्यूला अल्कली सोसत नाही. (म्हणूनच सायनोटाइप केलेला टी-शर्ट धुण्याच्या सोड्यात घालू नका!) उपाय म्हणजे पहिल्या धुण्याच्या बादलीत थोडं लिंबू पिळायचं. प्रिंट लगेच गडद हवी असेल तर शेवटच्या पाण्यात मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं टाकायचं. नाहीतर एक दिवस हवेत वाळू द्या, निळा आपोआप चढतो.

आजोबांची शीट

माझे आजोबा पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. मी त्यांना फोनवर सांगितलं, "आजोबा, मी ब्ल्यू प्रिंट काढली!" त्यांच्या वेळेला अमोनिया प्रिंट होत्या, पण रेकॉर्ड रूममधल्या जुन्या निळ्या शीट त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ट्रेसिंग पेन्सिलीत केलंस की शाईत?" मी पेन्सिलीत केलं होतं. "मग रेघा मळकट आल्या असतील." बघते तर खरंच! पेन्सिलीच्या रेघेतून थोडं ऊन आत शिरतं, त्यामुळे रेघ पांढरी न होता निळसर राहते. तीच शीट शाईने गिरवली आणि रेघा स्वच्छ पांढऱ्या उमटल्या. मी गमतीत म्हटलं, "म्हणजे तुम्ही आयुष्यभर जी.टी.च केली की!" त्यावर ते म्हणाले, "हो. पण खाली माझी सही असायची. रेघ चुकली तर मलाच बोलावायचे."

हे वाक्य मला लागलं.

मागच्या टर्मला व्हेंचुरीमीटरच्या प्रॅक्टिकलला आमच्या ग्रुपने काय केलं ते सांगते. कोइफिशंट ०.९८ च्या आसपास यायला पाहिजे हे माहीत होतं, म्हणून उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग्ज भरली. सगळ्यांची जर्नल्स सारखी, सगळ्यांना सही. या टर्मला एक रिपीट टर्न मिळाला तेव्हा मी खरी रीडिंग्ज घेतली. उत्तर आलं ०.८९. तसंच लिहिलं. सरांनी जर्नल परत केलं, "हे चुकलंय, पुन्हा करा." ग्रुपमधले माझ्यावर वैतागले. पण पुन्हा करताना नीट पाहिलं तर मॅनोमीटरच्या एका नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता. तो काढल्यावर ०.९६ आलं. ०.९८ लिहिलं असतं तर तो बुडबुडा मला जन्मात दिसला नसता.

मित्र-मैत्रिणींनो, मी काही सुधारले वगैरे नाही. पुढच्या शीटला जी.टी. मारणारच नाही अशी शपथ मी घेत नाही, रूममेट हसेल! पण शीट कॉपी करता येते आणि रीडिंग कॉपी करता येत नाही, एवढं त्या आठ मिनिटांनी मला पक्कं शिकवलं.

कुणाला करून बघायचं असेल तर केमिकल्स अजून थोडी उरलीत, काचही आहे. फक्त टेस्ट स्ट्रिप ज्याची त्याने करायची. माझी वही मिळणार नाही.