स्वस्त दुधाचा हिशेब वेतभर मांडा

आमच्या गोठ्यातली थोराड एचएफ संकरित गाय व्यायल्यावर दीड महिन्यात रोज २४ लिटरवर गेली. कडबा, मुरघास, गोळीपेंड मिळून तिला कोरडं खाद्य लागत होतं १५ किलो, म्हणजे किलोमागे १.६ लिटर दूध. शेजारची मध्यम अंगाची गाय १२ किलोवर १८ लिटर द्यायची, किलोमागे दीड. रेतन करायला येणारा म्हणाला, "दादा, थोरलीच्याच कालवडी राखा."

वही खोटी नव्हती, अपुरी होती. व्यायल्यावर दूध सहा-आठ आठवड्यांत शिगेला पोचतं; भूक मात्र त्यानंतर महिनाभराने पुरती वाढते. मधली तूट गाय अंग झिजवून भरते. डेअरीत थोरलीची फॅटही चांगली लागत होती, तीही अंगातली चरबी वितळूनच. पुढे तिच्या बरगड्या दिसू लागल्या, माज मुका झाला, भरवली की उलटायची. उशिरा गाभण राहिली, तोवर दूध निम्म्यावर आलं होतं. मध्यम अंगाची धाकटी वेळेवर गाभण राहिली. एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंतचा चारा आणि दूध मांडलं, तेव्हा धाकटीच पुढे निघाली.

म्हणून कालवड राखण्याआधी एवढं करा. हिशेब कोरड्या खाद्यावर धरा: कडब्याचा जवळपास नव्वद टक्के भाग कोरडा असतो, मुरघासाचा साधारण तिसरा हिस्साच. गव्हाणीत उरलेलं वजा करा. मोजणी व्यायल्यावर तीन महिन्यांनी, अंग स्थिरावल्यावर करा. छातीचा घेर दर महिन्याला टेपने घ्या. घेर उतरत असेल तर किलोमागच्या दुधाच्या आकड्यावर निवड करू नका.

आकारही पाहा. ४०० किलोच्या गायीपेक्षा ५५० किलोच्या गायीला नुसतं शरीर चालवायला सुमारे सव्वापट खाद्य लागतं. अमेरिकेत होल्स्टीनसाठी (म्हणजे एचएफसाठी) डिसेंबर २०२० पासून 'फीड सेव्हड' (वाचलेलं खाद्य) हे आनुवंशिक मूल्यांकन देतात. त्यात खाण्यातल्या फरकाबरोबर शरीराचं वजनही धरलेलं असतं.

रेतमात्रा घेताना वळूच्या आईचं दूध विचारून थांबू नका. त्याच्या मुलींचा आकार कसा, त्या वेळेवर गाभण राहतात का, हेही विचारा. आज भरवलेल्या गायीची कालवड दुधात यायला तीन वर्षं लागतात. तिचा चारा त्याआधीपासून विकत घ्यावा लागतो.