खरजेवरील औषधे : एक तुलनात्मक विचार

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील कळस आणि त्याच्या आसपासची गावे अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतात. नीरा डाव्या कालव्यामुळे बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस आला, भवानीनगर व माळेगाव येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि दरवर्षी गळीत हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येऊ लागली. उसाच्या फडाजवळ उभारलेल्या एका लहानशा कोपीत चार-सहा माणसे एकाच वाकळीत झोपतात. थंडीचे दिवस, दाटीचा निवारा आणि पाण्याची टंचाई या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे खरूज पसरण्यास अनुकूल परिस्थिती निर्माण होते. वसतिगृहे, आश्रमशाळा व दाट वस्तीची घरे यांनाही हेच लागू पडते.

रोगाचे कारण

खरूज हा घाणीचा किंवा रक्तदोषाचा रोग नव्हे. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान अशा सूक्ष्म किडीमुळे तो होतो. इटलीतील बोनोमो व चेस्तोनी यांनी 1687 मध्ये या किडीचा व रोगाचा संबंध दाखवून दिला. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा पोखरून रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात व सुमारे दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, कंबर व जांघ येथे पुरळ उठते आणि रात्री खाज वाढते.

प्रथमच लागण झालेल्या माणसास चार ते सहा आठवडे खाज सुटत नाही. मात्र या काळात तो इतरांना रोग देऊ शकतो. औषधोपचारातील बहुतेक अपयशाचे मूळ येथेच आहे. ज्याला खाजते त्याच्यावर उपचार होतात. ज्याला अद्याप खाजत नाही तो रोग पुन्हा घरात आणतो.

खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरून पू धरतो. काही मुलांत अशा जंतुसंसर्गानंतर मूत्रपिंडांना सूज येते. म्हणून खरूज क्षुल्लक समजणे योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2017 मध्ये दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत तिचा समावेश केला.

लावण्याची औषधे

गंधकाचे मलम हे सर्वांत जुने औषध होय. त्याला वास येतो, कपड्यांना डाग पडतात व ते सलग तीन रात्री लावावे लागते. पण ते स्वस्त असून तान्ही मुले व गर्भवती स्त्रियांसाठी सुरक्षित मानले जाते. बेंझिल बेंझोएटचे 25 टक्के द्रावणही स्वस्त व परिणामकारक आहे. ते सलग दोन-तीन दिवस लावतात. त्याने आग होते; म्हणून मुलांसाठी ते पातळ करावे लागते आणि आगीच्या भीतीने अनेकजण उपचार अर्धवट सोडतात.

लिंडेन, म्हणजेच गामा बेंझीन हेक्झाक्लोराइड, पूर्वी सर्रास वापरले जाई. ते कातडीतून शरीरात शोषले जाऊन मज्जासंस्थेवर परिणाम करू शकते. त्यामुळे लहान मुलांसाठी ते टाळले जाते व त्याचा वापर मागे पडला आहे.

पर्मेथ्रिन 5 टक्के मलम एका रात्रीत, आठ ते चौदा तास ठेवून, काम करते. दोन महिन्यांवरील बालकांना ते चालते. प्रौढ माणसास एका वेळी सुमारे 30 ग्रॅम मलम लागते व आठवड्याने ते पुन्हा लावावे लागते. मोठ्या कुटुंबाला हा खर्च जड जातो आणि मग एकच नळी सर्वांत थोडी थोडी वाटली जाते. मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली व बेचक्यांत लावावयाचे असते. हात धुतल्यास हातांना पुन्हा लावावे लागते. केवळ पुरळावर लावलेले मलम वाया जाते.

पोटात घेण्याचे औषध

आयव्हरमेक्टिन गोळ्या वजनाच्या प्रत्येक किलोस 200 मायक्रोग्रॅम या प्रमाणात देतात. 60 किलोच्या माणसास ही मात्रा 12 मिलिग्रॅम होते. हे औषध अंडी मारीत नाही. त्यामुळे एक ते दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा आवश्यक ठरते. पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना व गर्भवतींना ते सामान्यतः देत नाहीत.

भारतातील एका तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष 2000 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पर्मेथ्रिन एकदा लावल्याने सुमारे 98 टक्के रुग्ण बरे झाले. आयव्हरमेक्टिनच्या एका मात्रेने 70 टक्के, तर दोन मात्रांनी 95 टक्के रुग्ण बरे झाले. एकेका रुग्णापुरते पाहता दोन्ही औषधे जवळपास तुल्यबळ ठरतात.

संपूर्ण वस्तीचा विचार केला म्हणजे चित्र बदलते. फिजी बेटांवरील तीन समुदायांत झालेल्या व 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका ठिकाणी सर्वांना आयव्हरमेक्टिन, दुसऱ्या ठिकाणी सर्वांना पर्मेथ्रिन, तर तिसऱ्या ठिकाणी केवळ रुग्ण व त्यांच्या निकटच्या व्यक्तींना पर्मेथ्रिन देण्यात आले. वर्षभरानंतर खरजेचे प्रमाण अनुक्रमे 94, 62 व 49 टक्क्यांनी घटले. गोळी समोर उभे राहून देता येते. मलम प्रत्येकाने अंगभर लावले की नाही हे पाहता येत नाही.

ग्रामपातळीवरील कर्तव्य

कोणते औषध कोणाला द्यावे हे वैद्यकीय अधिकारी ठरवतील. ते घरातील सर्वांना एकाच रात्री मिळेल आणि ठरल्या दिवशी दुसऱ्यांदा दिले जाईल, हे पाहणे मात्र गावाच्या हाती आहे. कामगार पहाटेच फडावर जात असल्याने औषधवाटप सायंकाळी कोप्यांवरच करणे श्रेयस्कर. ग्रामपंचायतीने मुकादमाकडून कुटुंबांची यादी घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रास द्यावी. ती टोळी दुसऱ्या फडावर जाणार असेल तर दुसऱ्या मात्रेची तारीख व नवे ठिकाण नोंदवून ठेवावे.

शिक्षकांनी खाजवणाऱ्या मुलास वर्गात वेगळे बसवू नये, त्याच्या घरी निरोप पोहोचवावा. खरूज आणि नायटा यांत गल्लत करून दुकानातून घेतलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे लावू नयेत. त्यांनी खाज तात्पुरती शमते, रोग मात्र झाकला जाऊन पसरत राहतो. योग्य उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, हे पालकांना आधीच सांगितले पाहिजे. अन्यथा औषध लागू पडले नाही असे समजून ते वारंवार लावले जाते.

कपडे व अंथरुणे गरम पाण्यात धुवून उन्हात घालावीत. जे धुता येत नाही ते तीन दिवस बांधून बाजूला ठेवावे, कारण शरीराबाहेर कीड त्याहून फारशी जगत नाही. तथापि, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये मेलन्बी यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत खरूज पांघरुणांपेक्षा प्रत्यक्ष अंगस्पर्शातूनच अधिक पसरते असे आढळले. म्हणून वाकळ धुतली आणि माणूस राहिला, असे होता कामा नये. कोपीतील शेवटच्या माणसापर्यंत दोन्ही वेळा औषध पोहोचले, तरच त्या कोपीतील खरूज जाईल.