इंग्रजीची चाचणी आणि इंग्रजी न येणारी आई



चिकलठाणा औद्योगिक वसाहतीच्या आसपास बांधकामावर, वीटभट्टीवर कामाला येणाऱ्यांत कन्नड, सोयगावकडची भिल्ल कुटुंबेही असतात. मुलांच्या अभ्यासाचा विषय निघाला की आयांचे बोलणे ठरलेले असते. “ताई, मराठीचं कसंबसं बघते. इंग्रजीतलं मला ओ का ठो कळत नाही. मी काय अभ्यास घेऊ?”

आमचे उत्तर असे, की इंग्रजी न येणारी आईसुद्धा इंग्रजीचा अभ्यास घेऊ शकते. तिने शिकवायचे नाही, मुलाकडून करून घ्यायचे आहे. आपल्या मंडळीतील जे वस्तीवर जातात, त्यांनी हे समजून घेऊन आयांना करून दाखवावे.

आधी ही चाचणी काय आहे ते पाहू. आपल्या राज्यात मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. सरकारच्या पायाभूत आणि संकलित चाचण्यांतही हा विषय असतो. पाचवीची गोष्ट मात्र वेगळी. पूर्वी आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवत नसत. 2023-24 पासून पाचवीला वार्षिक परीक्षा आली. इंग्रजीचे 50 गुण, त्यांत 10 तोंडी आणि 40 लेखी, पास व्हायला 35 टक्के. नापास मुलाला जादा शिकवून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा देता येते. तीही गेली तर मूल पाचवीतच राहते. भट्टीवर हाताला काम असणाऱ्या घरात मागे राहिलेल्या लेकराला पुन्हा शाळेत पाठवतील का, हा खरा प्रश्न आहे. आम्हाला त्याचीच धास्ती वाटते.

सुरुवात कानापासून करावी. तोंडी परीक्षेत सूचना ऐकून कृती करणे, वस्तूंची नावे सांगणे, कविता म्हणणे असे प्रकार येतात. यासाठी घरी उलटा खेळ चांगला चालतो. मुलाने हुकूम सोडायचा, ‘स्टँड अप’, ‘ओपन द डोअर’, ‘टच युअर नोज’, आणि आईने तसे करायचे. आई चुकली की मूल खदखदून हसते आणि तिला बरोबर करून दाखवते. शिकवणाऱ्याचेच पाठ होते, हे आपल्या संडे स्कूलच्या शिक्षकांना सांगायला नको. उच्चारासाठी बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलवर दीक्षा ॲपमध्ये उघडून ऐकवता येतो.

अक्षरांपाशी आपली मुले का अडखळतात? मराठीत ‘क’ला क म्हणतात आणि तो वाजतोही क. इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि आवाज दुसरा. ‘एच’ वाजतो ह, ‘डब्ल्यू’ वाजतो व, ‘सी’ तर कधी क तर कधी स. शिवाय एकाच अक्षराचे मोठे आणि लहान असे दोन चेहरे. मूल मठ्ठ नसते, लिपीच वेगळ्या स्वभावाची आहे. लहान ‘बी’ आणि लहान ‘डी’ यांची अदलाबदल तर घरोघरी होते. त्यावर एक युक्ती आहे. दोन्ही मुठी वळून, अंगठे वर करून एकमेकींना टेकवा. डावी मूठ ‘बी’, उजवी ‘डी’, आणि दोन्ही मिळून दिसतो ‘बेड’, म्हणजे खाट. परीक्षेच्या बाकावरही मूठ जवळच असते.

स्पेलिंगला रोज पाचच शब्द घ्यावेत. मुलाने शब्द बघायचा, आईने तळव्याने झाकायचा, मुलाने लिहायचा, आईने तळवा उचलायचा. वहीतले अक्षर पुस्तकातल्यासारखे दिसते का, हे पाहायला इंग्रजी यावे लागत नाही, डोळे लागतात. दोन पाने नुसती उतरवून काढण्यापेक्षा हे बरे. बिस्किटाच्या पुड्यावरचे ‘पार्ले-जी’, कंपनीच्या फाटकावरचे ‘नो एन्ट्री’, बापाच्या गेटपासवरचे नाव यांतली अक्षरेही मुलांना ओळखायला लावावीत. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मुलांच्या शिक्षणाची जागा घर आणि वाट हीच सांगितली आहे. वाटेवर तर पाट्याच पाट्या आहेत.

लेखी पेपरात एका गोष्टीकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. पुष्कळदा मुलाला उत्तर येत असते, पण प्रश्न काय करायला सांगतो तेच कळत नाही. जोड्या लावायच्या तिथे ते शब्द उतरवून काढते. म्हणून सूचनेचे शब्द वेगळे शिकवावेत: मॅच, सर्कल, टिक, रिअरेंज, फिल इन द ब्लँक्स. ‘राइट’ जपून शिकवावा. लिहा म्हणजेही राइट आणि बरोबर म्हणजेही राइट, आवाज एक, स्पेलिंग दोन. जुनी प्रश्नपत्रिका घ्यावी आणि उत्तरे न लिहिता प्रत्येक प्रश्नाला “इथे काय करायचं?” एवढेच विचारावे. हा अर्धा तास गाइडच्या पाठांतरापेक्षा मोलाचा आहे. गाइडबद्दल आमचे मत फारसे चांगले नाही, हे लपवत नाही.

मुलाने उत्तर घरच्या बोलीत दिले तरी चालेल. भिली बोलणाऱ्या घरातल्या लेकराला मराठीही शाळेतच शिकावी लागते, मग इंग्रजी. ‘रिव्हर’ म्हणजे काय हे त्याने आईला भिलीत समजावले, तर अर्थ पक्का झाला असे समजावे. “मराठीतच बोल” असा धाक घातला की ते दोन्हीकडे गप्प होते.

कामासाठी मुक्काम हलवणाऱ्या कुटुंबांना जाण्यापूर्वी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यायला सांगावे. नव्या गावच्या शाळेत ते दाखवले की मुलाला त्याच्या वर्गात बसता येते. सामानात पुस्तकही बांधून द्यावे.

मदत करू इच्छिणाऱ्यांनी गाइड आणू नयेत. चार रेघी वह्या, पेन्सिली आणि आपल्या मुलांच्या जुन्या प्रश्नपत्रिका द्याव्यात. तरुण संघातील ज्यांना आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर येता येईल, त्यांनी सातनंतर यावे. त्याआधी आया कामावरून परतलेल्या नसतात, आणि हा अभ्यास आईला बाजूला बसवूनच घ्यायचा आहे.