बाबा घरी असतील ना?

(अभ्यासलेख)



१२ मे २००८, सोमवार. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील पोस्टव्हिल हे दोन-सव्वादोन हजार वस्तीचे गाव. त्या सकाळी मुले नेहमीप्रमाणे शाळेत गेली आणि त्यांचे आईवडील मांसाच्या कारखान्यात कामाला गेले. काही वेळाने गावावर हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागले. इमिग्रेशन खात्याच्या शेकडो अधिकाऱ्यांनी कारखान्याला वेढा दिला आणि ३८९ कामगारांना ताब्यात घेतले. त्यांतील बहुतेक ग्वाटेमालाचे, काही मेक्सिकोचे. शाळा सुटायची वेळ जवळ येऊ लागली तसा शिक्षकांपुढे प्रश्न उभा राहिला: आज कोणत्या मुलाला कोणाच्या हाती सोपवायचे?

दुसऱ्या दिवशी गावच्या शाळांतील सुमारे सहाशे विद्यार्थ्यांपैकी निम्मे गैरहजर होते. घाबरलेली कुटुंबे सेंट ब्रिजेट चर्चमध्ये जमली. त्या धर्मग्रामाचा कारभार तेव्हा कोणी धर्मगुरू नव्हे, तर सिस्टर मेरी मकॉली पाहत होत्या. शेकडो माणसे कित्येक रात्री चर्चमध्येच झोपली. चर्चने अन्न दिले, आसरा दिला, कायद्याची मदत मिळवून दिली. परंतु मुलाला सकाळी शाळेत पाठवायचे की नाही, आणि तो गेलाच तर वर्गात बसलेल्या त्याच्या मनाचे काय करायचे, हा प्रश्न एकट्या चर्चने सुटणारा नव्हता. तो शाळेचाही होता. आजच्या लेखात आपण त्याच प्रश्नाचा अभ्यास करू या.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ही सगळी मुले 'बेकायदेशीर' असतात असे आपल्याला वाटते. तसे नाही. अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे जन्माने तेथील नागरिक असलेली, पण ज्यांच्या आईकडे किंवा वडिलांकडे कागदपत्रे नाहीत अशी चाळीस लाखांहून अधिक मुले त्या देशात आहेत. मूल नागरिक, आणि आई केव्हाही उचलली जाण्याच्या भीतीखाली. शिवाय ज्यांच्याकडे कागदपत्रे नाहीत त्या मुलांनाही शाळेचे दार बंद करता येत नाही. टेक्सास राज्याने तसा प्रयत्न केला होता. १९८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हाणून पाडला. तो निकाल 'प्लायलर विरुद्ध डो' या नावाने प्रसिद्ध आहे. निकाल पाच विरुद्ध चार असा होता, एवढ्या थोडक्यात तो वाचला!

त्यामुळे अशा कुटुंबाला शाळा हे एकच सरकारी ठिकाण विश्वासाचे वाटत आले. शाळा, इस्पितळे, चर्च अशा जागी शक्यतो धरपकड करू नये, असे त्या खात्याचे धोरणही अनेक वर्षे होते. जानेवारी २०२५ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात, म्हणजे द्राक्षे-संत्र्यांच्या शेतमजुरांच्या पट्ट्यात, धाडींनंतर शाळांतील गैरहजेरी २२ टक्क्यांनी वाढल्याचे स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका अभ्यासात दिसले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहरात धरपकड सुरू झाली, तेव्हा एका सोमवारी तीस हजारांहून अधिक विद्यार्थी शाळेत आले नाहीत. त्याच महिन्यात अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी बाल्टिमोर येथील सभेतून खास संदेश काढला. मुलांना शाळेत सोडायला जातानाही आईवडिलांना अटकेची भीती वाटते, याबद्दल त्यांनी त्यात दुःख व्यक्त केले आहे.

ही भीती शाळेत कशी दिसते? लहान मुलाला 'भीती वाटते' असे सांगता येत नाही. त्याचे पोट दुखते, डोके दुखते, अंथरूण ओले होते. तो आईचा हात सोडत नाही. मोठा मुलगा चिडचिडा होतो, मारामारी करतो, गणितात मागे पडतो. थोरली मुलगी अकाली प्रौढ होते. भावंडांना तीच सांभाळते आणि वर्गात डुलक्या काढते. शिक्षकाला वाटते, मूल आळशी झाले. पोस्टव्हिलच्या धाडीनंतर आयोवा राज्यातील लॅटिन वंशाच्या मातांना कमी वजनाची बाळे होण्याचा धोका आधीच्या वर्षाच्या तुलनेत २४ टक्क्यांनी वाढला, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. यात अमेरिकेत जन्मलेल्या माताही होत्या, हे विशेष. ज्यांना कोणीही पकडणार नव्हते, त्यांच्या उदरापर्यंतही ही भीती पोहोचली.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. समुपदेशनात एक नेहमीची रीत असते. मूल म्हणते, "मी लिफ्टमध्ये गेलो तर अडकून मरेन." समुपदेशक त्याला हळूहळू दाखवून देतो की ही भीती अवास्तव आहे. पण जे मूल विचारते, "मी घरी जाईन तेव्हा बाबा घरी असतील ना?" त्याला काय सांगायचे? "काही होणार नाही, बाळ" हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडी पटकन येते. ते येथे खोटे ठरू शकते. आणि ते खोटे ठरले तर त्या मुलाचा शाळेतील शेवटचा विश्वासू माणूसही गेला! माझ्या मते या सर्व विषयाची गाठ येथेच आहे. भीती खरी असेल तेव्हा ती नाहीशी करणे हे समुपदेशकाचे काम नव्हे. मुलाला त्या भीतीसह जेवता, झोपता, शिकता यावे, हे त्याचे काम.

म्हणूनच जाणकार समुपदेशक आश्वासनाऐवजी माहिती देतात. आईबाबा आले नाहीत तर तुला न्यायला मावशी येईल. तिचे नाव कार्यालयात लिहून ठेवले आहे. ती येईपर्यंत या बाई तुझ्याबरोबर बसतील. ऐकायला हे किती रूक्ष! परंतु 'मी एकटा पडेन' या भीतीला हेच खरे उत्तर आहे. यासाठी शाळा पालकांकडून एकाऐवजी दोन-तीन नातेवाइकांचे फोन घेते, आणि ज्यांना अटकेचे भय नाही असे एखादे नाव त्यात असावे असे सुचवते. तसेच मुलाच्या किंवा पालकांच्या इमिग्रेशनच्या स्थितीविषयी समुपदेशक विचारत नाही, आणि मुलाने आपणहून सांगितले तरी ते वहीत लिहीत नाही. शाळेच्या नोंदी पालकांच्या संमतीविना बाहेर देण्यावर १९७४ च्या कायद्याने बंधन आहे खरे. पण न्यायालयाचा हुकूम आला तर त्या द्याव्या लागतात. जे लिहिलेच नाही ते कोणी मागू शकत नाही.

फाटकाजवळचे कर्मचारीसुद्धा या मानसिक आधाराचाच भाग आहेत. एप्रिल २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन प्राथमिक शाळांत सरकारी अधिकारी काही मुलांना भेटायला आले होते. दोन्ही शाळांनी त्यांना आत घेतले नाही. न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट आणि खात्याने स्वतःच काढलेला कागद यांत फरक असतो, हे ज्या शाळेच्या कार्यालयाला ठाऊक असते तेथील मुलांना निदान वर्गात तरी निर्धास्त बसता येते.

ज्यांच्यावर आघात होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी मात्र खरे उपचार लागतात. याच लॉस एंजेलिस शहरात शाळा आणि संशोधक यांनी मिळून 'सीबिट्स' नावाची पद्धत तयार केली. ती मुळात स्थलांतरितांच्या मुलांसाठीच होती. पाच-सात मुलांचा गट, शाळेच्या वेळेतच, दहा बैठका. शिवाय प्रत्येक मुलाशी एकट्याने एक ते तीन भेटी, पालकांसाठी दोन बैठका आणि शिक्षकांना मार्गदर्शन. मुले श्वास शांत करायला शिकतात, घडलेली गोष्ट चित्रातून किंवा लिहून सांगतात, टाळत आलेल्या गोष्टींकडे पायरी पायरीने जातात. २००१-०२ या शालेय वर्षात सहावीच्या १२६ विद्यार्थ्यांवर तिची चाचणी झाली. तीन महिन्यांत मुलांचे आघाताचे आणि नैराश्याचे त्रास लक्षणीय कमी झाले. वर्गातील वागण्यात मात्र शिक्षकांना फारसा फरक जाणवला नाही, हेही त्याच अहवालात प्रामाणिकपणे लिहिले आहे. ही पद्धत होऊन गेलेल्या आघातासाठी आहे. ज्याचे वडील आजही कोठडीत आहेत, त्याच्यासाठी ती पुरी पडत नाही.

आणि हे सर्व करणार कोण? दर २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, अशी तेथील समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस आहे. प्रत्यक्षात एकाकडे सरासरी साडेतीनशेहून अधिक मुले असतात. शाळांत मानसिक आरोग्याचे कर्मचारी नेमण्यासाठी दिलेले सुमारे एक अब्ज डॉलरचे अनुदान एप्रिल २०२५ मध्ये शिक्षण खात्याने थांबवायचे ठरवले; त्याविरुद्ध अनेक राज्ये न्यायालयात गेली.

हा विषय आपल्यापासून अगदी दूरचा नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने परत पाठवलेल्या १०४ भारतीयांना घेऊन लष्करी विमान अमृतसरला उतरले. बहुतेक जण हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे होते. तिघे महाराष्ट्रातले होते. त्यांत लहान मुलेही होती. ती मोठी माणसे किती लाख रुपये दलालांना देऊन गेली, यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. ती मुले आता कोणत्या शाळेत बसत असतील, हे कोणी फारसे विचारले नाही.

ज्यांची मुले-नातवंडे व्हिसावर अमेरिकेत आहेत, त्यांना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा नातवंडाच्या शाळेत आईवडिलांखेरीज दुसऱ्या कोणाचे नाव नोंदवले आहे का, ते विचारा. आजार, अपघात, व्हिसाचा घोळ, कशासाठीही ते उपयोगी पडते. आणि ज्याचे नाव दिले आहे ते काका-काकू कोण, हे त्या मुलाला माहीत आहे का, तेही विचारा.